समुद्रकाठच्या क्लासिक कार मेळाव्याची तयारी : आधी यंत्र, मग पॉलिश, परतल्यावर गोडं पाणी

क्लबच्या वार्षिक मेळाव्याला निघालेली आणि वाटेतच बॉनेट उघडून उभी राहिलेली गाडी जरा जवळून बघा. क्रोम लखलखतंय, टायर काळेभोर, सीटवर सुरकुती नाही, आणि रेडिएटरमधून वाफ. तयारी भरपूर झालेली असते, फक्त उलट्या क्रमाने. महिनाभर पॉलिश चालतं आणि आदल्या संध्याकाळी आठवतं की ब्रेक बघायचे राहिले. मग घाईत चाक काढताना मडगार्डला ओरखडा जातो, ब्रेक ऑइलचा थेंब ताज्या पॉलिशवर पडतो आणि तिथला रंग सोलून निघतो.

समुद्रकाठी यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावरची मिरवणूक. पायी चालणाऱ्याच्या वेगाने बराच वेळ सरकत राहणं जुन्या इंजिनाला हायवेपेक्षा जड जातं. दुसरी म्हणजे मीठ. ते त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या वर्षी दाराच्या खालच्या कडेला फोड येतात तेव्हा दिसतं.

खालचे टप्पे चालत्या गाडीसाठी आहेत, म्हणजे जी वर्षातून मोजक्या वेळा गॅरेजबाहेर पडते तिच्यासाठी. तुमच्या गाडीला लागू नसेल तो भाग खुशाल सोडा. क्रम मात्र मोडू नका.

टप्पा १ : नाव नोंदवण्याआधी विचारायच्या गोष्टी

एकाच दिवशी तीन वेगळे कार्यक्रम असू शकतात: परीक्षकांसमोरचं प्रदर्शन, ताफ्याने फेरी, आणि क्रूझ-इन, म्हणजे या, गाडी लावा, गप्पा मारा, वाटेल तेव्हा निघा. आपण कशात भाग घेणार हे आधी ठरवा. परीक्षक दाराच्या चौकटी, डिकीतल्या चटईखालचा पत्रा आणि इंजिनाच्या कप्प्यातले नट-बोल्टसुद्धा बघतात. क्रूझ-इनला एवढी कुणाला फुरसत नसते. फक्त फेरीला जायचं असेल, तर पुढचे पॉलिशचे परिच्छेद निम्म्यावर आणलेत तरी चालेल.

आयोजकांना हे विचारा:

- गाड्या कशावर लावायच्या आहेत: डांबर, गवत, पेव्हर ब्लॉक की वाळू?
- जागा भरतीच्या रेषेपासून किती आत आहे?
- एकदा आत गेल्यावर गाडी किती वाजेपर्यंत बाहेर काढता येत नाही?
- फेरीचा मार्ग कसा आहे, चढ-उतार किती, आणि हेडलाइट चालू ठेवायचे आहेत का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण डायनॅमोवाल्या (म्हणजे आल्टरनेटरच्या आधीचं जुनं चार्जिंग यंत्र असलेल्या) गाडीचा अख्खा दिवस त्यावर ठरतो. त्याबद्दल टप्पा ५ मध्ये.

भरतीची वेळ स्वतःही बघून ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं. आदल्या आठवड्यात पाहणी करून 'इथपर्यंत पाणी येत नाही' असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

विम्याचे कागदही याच वेळी काढा. मर्यादित वापरासाठी घेतलेल्या पॉलिसीत मिरवणूक आणि प्रदर्शन धरलेलं आहे का, हे विचारून घ्या.

टप्पा २ : दीड-दोन महिने आधी, ज्याला वाळायला वेळ लागतो ते

मिठापासून बचाव मेळाव्याच्या आधी करायचा असतो आणि तो सगळ्यात आधी करायचा असतो, कारण पोकळ भागांत मारलेलं मेण पहिले काही दिवस गळत राहतं.

सुरुवात छिद्रांपासून करा. दाराच्या तळाशी आणि पायरीखालच्या पोकळ पट्टीला पाणी निघून जायला छिद्रं ठेवलेली असतात. ती चिखलाने, जुन्या अंडरकोटने किंवा उत्साही पेंटरच्या पुट्टीने बुजलेली असतात. प्लॅस्टिकच्या बारीक काडीने एकेक मोकळं करा. मग ग्लासभर पाणी आत सोडा आणि खालून किती वेळात येतं ते बघा. पाणी तांबूस आलं तर आत गंज सुरू आहे. अशा वेळी आधी पूर्ण वाळवा, मग मेण मारा. ओल्या पोकळीत मेण मारलं की ओल आतच कोंडली जाते.

मेण मारून झाल्यावर तीच छिद्रं पुन्हा तपासा. मेणाने ती बुजली असतील तर केलेली मेहनत उलटते.

याच वेळी टायरची तारीख वाचा. २००० सालापासून टायरच्या बाजूला 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील, तर टायर त्याआधीचा आहे आणि त्यावर कुठेही जायचं नाही, नक्षी कितीही खोल दिसो. जुन्या गाड्यांचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त मरतात. दहा वर्षं उलटलेला टायर मी तरी फेरीला नेणार नाही. स्टेपनीचाही आकडा वाचा. बहुतेकांची स्टेपनी गाडीतली सगळ्यात म्हातारी वस्तू असते.

> थांबा: क्रॉस-प्लाय (जुन्या बांधणीचे) आणि रेडियल (नव्या बांधणीचे) टायर एकाच अ‍ॅक्सलवर मिसळू नका. दोनच रेडियल असतील तर ते मागे जातात, पुढे नाही.

चाकं काढताना नट कुठल्या बाजूला सुटतात ते पाहून ठेवा. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. रस्त्यात मदतीला आलेला भला माणूस ते 'सोडवायला' जोर लावतो आणि स्टड मोडून हातात येतो.

टप्पा ३ : ब्रेक

ग्लायकोलवर बनलेलं ब्रेक ऑइल (डब्यावर डॉट ३, ४ किंवा ५.१ लिहिलेलं) हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी वापरात नसली तरी शोषतं. दोन वर्षं झाली असतील तर बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. आधीच्या मालकाने काय भरलंय ते माहीत नसेल, तर वरून थोडं ओतू नका, सगळं काढून नव्याने भरा.

पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय: बाहेर, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य पंपाच्या) आत. जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. म्हणून इथे 'मेळाव्यानंतर बघू' चालत नाही.

रबरी ब्रेक पाइप बाहेरून ठीक दिसतो आणि आतून फुगलेला असतो. पेडल सोडलं तरी दाब परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. हे ओळखायची सोपी युक्ती: थोडी फेरी मारून थांबा आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न टेकवता ऊब जोखा. एकच चाक तापलं असेल तर आधी तिकडे लक्ष द्या.

टप्पा ४ : मिरवणुकीचा ताप

सगळ्यात जास्त गाड्या इथे पडतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

जुन्या गाडीचा पंखा आणि पाण्याचा पंप बेल्टने इंजिनाला बांधलेले असतात. हायवेवर इंजिन जोरात फिरतं, पंखाही जोरात फिरतो, समोरून हवाही येते. मिरवणुकीत समोरून हवा नाही, आणि इंजिन आयडलवर असल्याने पंखा-पंपही संथ. त्यात पुढच्या गाडीच्या सायलेन्सरची गरम हवा तुमच्या जाळीत. म्हणजे जी गाडी दूरवरून काटा न हलवता आली, तीच पहिल्या अर्ध्या किलोमीटरच्या मिरवणुकीत उकळू शकते. 'माझी गाडी कधी गरम होत नाही' हे वाक्य हायवेपुरतंच खरं असतं.

तयारी अशी:

1. इंजिन थंड असताना होज पाइप दाबून बघा. चांगला पाइप दाबून सोडला की परत फुगतो. टणक झालेला, किंवा क्लिपपाशी मऊ लिबलिबीत झालेला पाइप बदला. खालच्या पाइपात स्प्रिंग असेल तर ती जागेवर आहे का पाहा. तो पाइप पंपाच्या शोषणाच्या बाजूला असतो, स्प्रिंग गंजून गेली की वाढत्या वेगाला तो चपटा होतो.
2. रेडिएटरची जाळी पुढून बघण्यापेक्षा पंख्याच्या बाजूने, मागून टॉर्च मारून बघा. किडे आणि धूळ पुढून दिसत नाहीत. मागच्या बाजूने पुढे असं कमी दाबाचं पाणी सोडा.
3. इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीचं तापमान ठिकठिकाणी मोजा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्या चोंदलेल्या आहेत.
4. फॅन बेल्टचा ताण आणि इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा. टायमिंग मागे पडलं की गाडी विनाकारण तापते, आणि लोक तिकडे रेडिएटर बदलत बसतात.

झाकणाबद्दल एक गोष्ट वारंवार चुकते. दाबाचं झाकण उकळबिंदू वर नेतं. ७ पीएसआयचं झाकण साधारण ११-१२ अंश सेल्सिअसने. मग '१५चं लावलं तर आणखी बरं' असं कुणीतरी सुचवतं. जुना रेडिएटर तेवढ्या दाबासाठी झाळलेलाच नसतो. झाळ सुटते, नाहीतर हीटरचा पाइप सुटून पाणी पायावर येतं. गाडीला मूळ जेवढ्याचं झाकण होतं तेवढ्याचंच लावा.

> तपासणी: मोकळ्या पटांगणात गाडी फर्स्टमध्ये, चालण्याच्या वेगाने, थांबत-थांबत अर्धा तास फिरवा. नजर काट्यावर ठेवा. काटा चढून एका जागी स्थिरावला तर ठीक. चढतच राहिला तर मिरवणुकीत उतरू नका. आधी कारण शोधा.

मिरवणुकीत काटा चढू लागलाच तर न्यूट्रल करून आयडल थोडा वाढवा, १२०० ते १५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे पंखा आणि पंप दोन्ही जागे होतात. हीटर पूर्ण उघडा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. केबिनमध्ये घामाच्या धारा लागतील, पण इंजिन वाचेल. तरीही चढत असेल तर लाज न बाळगता रांगेतून बाहेर पडा.

फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या गाडीत पाण्याची भानगड नाही, पण तिथे बेल्टच सर्वस्व आहे. तो तुटला की थंड करणारा पंखाही थांबतो आणि चार्जिंगही. लाल दिवा लागला की लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद.

> थांबा: गरम रेडिएटरचं झाकण फडकं धरूनही उघडायचं नाही. दाब निघाला की आतलं पाणी एका क्षणात उकळून उसळतं. वरच्या होजला हात सहज धरवेपर्यंत थांबा.

टप्पा ५ : बॅटरी आणि डायनॅमो

१२ व्होल्टची भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आल्टरनेटर असेल तर इंजिन चालू असताना हा आकडा १४च्या आसपास जातो. डायनॅमोची गोष्ट वेगळी: आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा आयडलला मंद पेटतो आणि जरा रेस केली की विझतो, हे डायनॅमोच्या गाडीत नॉर्मल आहे. पण मिरवणुकीत तो दिवा सतत पेटलेला, वर हेडलाइट चालू, हॉर्न वाजतोय. हे सगळं बॅटरीच्या खात्यातून चाललेलं असतं.

आता यात टप्पा ४ मिसळा. गाडी गरम होते म्हणून लोक इलेक्ट्रिक पंखा बसवतात. डायनॅमोवर तो पंखा मिरवणुकीत बॅटरी पिऊन टाकतो. इंजिन थंड राहतं, पण बंद केल्यावर सेल्फ लागत नाही. इलेक्ट्रिक पंखा हवाच असेल तर आधी आल्टरनेटर, किंवा निदान पंख्याला हाताने चालू-बंद करायचं बटण.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी साफ करा आणि अर्थची वायर बॉडीला जिथे जोडली आहे ती जागा पत्रा चमकेपर्यंत घासून पुन्हा घट्ट करा. सेल्फ मंद लागणं, दिवे पिवळे पडणं, यातली बरीच दुखणी इथेच बरी होतात.

> थांबा: मैदानावर दुसऱ्याच्या गाडीवरून बॅटरी जोडायची वेळ आली तर आधी दोन्हींचे व्होल्ट आणि अर्थ विचारा. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या कित्येक ब्रिटिश गाड्यांचं बॉडीला पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. उलट अर्थ असलेल्या दोन गाड्या केबल जोडलेली असताना बंपरला बंपर टेकल्या की थेट शॉर्ट.

टप्पा ६ : पेट्रोल

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पाइप बाहेरून चांगला दिसेल; काढून बोटात वाकवा, आतल्या बाजूला भेगा दिसतात. नवा पाइप घेताना त्यावर एसएई जे३० आर९ असा छाप बघा. पाइप बदलल्यावर लगेच फेरीला निघू नका. टाकीत जुना राळेसारखा थर असेल तर नवं पेट्रोल तो सोडवतं आणि पहिल्या काही फेऱ्यांत फिल्टर चोंदतं. गाडी मिसिंग मारायला लागली की आधी फिल्टर बघा, कार्ब्युरेटरवर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तुटून पडू नका.

गरम इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं कार्ब्युरेटर आणखी तापतो, कारण तोवर पंखाही थांबलेला असतो. मैदानात गाडी लावली आणि आयोजकांनी लगेच 'जरा पुढे घ्या' म्हटलं की नेमकं तेव्हाच ती सुरू होत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नका. एकदाच पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा.

टाकी काठोकाठ भरू नका. उन्हात पेट्रोल प्रसरण पावतं, जुन्या झाकणातून बाहेर येतं आणि रंगावरून ओघळतं. तो ओघळ पॉलिशने जात नाही.

इथे यंत्राचं काम संपलं. आता निदान एक मोठी फेरी मारा, मिरवणुकीइतकी आणि परतीच्या वाटेइतकी. ही फेरी मेळाव्याच्या किमान आठवडाभर आधी झाली पाहिजे, म्हणजे निघालेलं दुखणं काढायला वेळ राहतो.

टप्पा ७ : धुणं आणि पॉलिश

आत्ता कुठे बादली उचलायची.

सावलीत, पत्रा थंड असताना धुवा. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्या. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक हातमोजा विसळायची. वरून खाली या, पायऱ्या आणि मडगार्डच्या कडा सगळ्यात शेवटी. भांड्यांचा साबण नको, तो आधीचं मेण काढून टाकतो. इंजिनाच्या कप्प्यात प्रेशर वॉशर अजिबात नको. डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगीचा प्रवाह वाटणाऱ्या डब्यात) शिरलेलं पाणी ऐन सकाळी हिशोब मागतं.

जुन्या एकथरी रंगावर पॉलिश करताना फडक्यावर रंग उतरतो. घाबरू नका, वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसल्याने तसं होणारच. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की प्रत्येक वेळी थोडा रंग कमी होतो. कडांवर आणि उंचवट्यांवर तो आधीच पातळ असतो, तिथे मशीन फिरवू नका. दरवर्षी मेळाव्याआधी कंपाऊंड (रंग घासून चमकवणारी पेस्ट) मारणारे लोक शेवटी प्रायमर दाखवत फिरतात. धुऊन मेण लावणं पुरेसं असतं.

क्रोमवर बारीक तांबडे ठिपके असतील तर किचनमधली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत, ठिपके मात्र निघतात. पण भिंग धरलं तर त्या जागी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतील. क्रोमचा थर मुळात अतिशय पातळ असतो. खालच्या निकेललाही भेग गेली की पोलाद उघडं पडतं आणि मीठ बरोबर तिथे शिरतं. म्हणून ठिपके काढल्यावर क्रोमलाही मेण लावा. बंपरच्या मागच्या बाजूलासुद्धा, जिथे कुणी बघत नाही.

टायरला चमक देणारं द्रव लावायचंच तर पातळ लावून पुसून काढा. नाहीतर पहिल्या वळणाला त्याचे शिंतोडे मडगार्डवर उडतात. नक्षीवर तर मुळीच लावू नका, टायर घसरतो.

धुतल्यावर गाडी थोडी चालवा, ब्रेक चार वेळा दाबा. ओल्या ड्रमने गॅरेजमध्ये लावून हँडब्रेक ओढलात, तर सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले असतात.

टप्पा ८ : डिकीत काय न्यायचं

फॅन बेल्ट, रोटर, पॉइंट, कंडेन्सर (नवाच घेतलाय म्हणून विश्वास टाकू नका, चालवून बघितलेला न्या), एक प्लग, फ्यूज, बल्ब, दोन-तीन मापांच्या होज क्लिप, वायर, टेप, तुमच्या गाडीच्या मापाचे पाने, जॅक आणि जॅकखाली ठेवायला फळी, टोचन करायला पट्टा. टोचनची जागा कुठे आहे ते घरीच बघा. बंपर ती जागा नाही.

पाणी जरा जास्त न्या, पाच लिटर रेडिएटरला आणि तेवढंच वेगळं, धुण्यासाठी. ते गोडंच हवं.

अग्निशामक सीटवरून हाताला लागेल असा ठेवा. डिकीत ठेवलेला अग्निशामक आग लागल्यावर डिकीतच राहतो. पावडरचा वापरलात तर विझल्यावर ती पावडर त्याच दिवशी साफ करा, ती धातूला खाते.

टप्पा ९ : ताफ्यात चालवताना

सगळ्यात संथ गाडी पुढे, अवजारं असलेली गाडी सगळ्यात मागे. मोठा ताफा असेल तर आठ-दहांचे गट करा. प्रत्येकाची जबाबदारी एकच: मागची गाडी आरशात दिसतेय का ते बघायचं. वळणावर ती दिसेपर्यंत थांबायचं. हा नियम पाळला तर सिग्नलला ताफा तुटला तरी कुणी हरवत नाही, आणि ताफा तुटू नये म्हणून लाल सिग्नल तोडायची गरज उरत नाही.

अंतर जास्त ठेवा. तुमच्या पुढे डिस्क ब्रेकवाली गाडी असेल तर ती तुमच्या ड्रमपेक्षा बऱ्याच कमी अंतरात थांबते. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पायथ्याशी पोचेपर्यंत ड्रम तापून ब्रेकचा जोर कमी झालेला असतो.

टप्पा १० : मैदानावर

समुद्राला तोंड करून पहिल्या रांगेत उभं राहण्याची सगळ्यांना हौस. फोटो छान येतो, तुषारही सगळे तुम्हालाच मिळतात. मागची रांग मागून घ्या.

दुपारी खारे वारे जोर धरतात. गाडी लावताना बॉनेट कुठून उघडतं ते लक्षात घ्या. काचेपाशी बिजागरी असलेलं बॉनेट समोरच्या वाऱ्याने मागे फेकलं जातं आणि बिजागऱ्या वाकतात. जॅग्वार ई-टाइप किंवा ट्रायम्फ हेरल्डसारखं पुढे झुकणारं बॉनेट मागच्या वाऱ्याने ताणलं जातं. वारा बॉनेट मिटवण्याच्या दिशेने येईल अशी गाडी लावा आणि टेकू बांधून ठेवा. दार उघडताना एक हात दारावर, विशेषतः मागे बिजागरी असलेली दारं असतील तर.

कोरड्या मऊ वाळूत चाक रुतलं तर रेस करू नका, चाक आणखी खाली जातं. थांबा, वाळू हाताने काढा, चार माणसं लावा. उंच वाळलेल्या गवतावर गरम सायलेन्सर घेऊन उभे राहू नका.

आता ज्यामुळे सगळ्यात जास्त रंग खराब होतात ती गोष्ट. तासाभरात गाडीवर पुसटसा पांढुरका थर येतो. बोट फिरवलं तर किंचित चिकट लागतं आणि चिमटीत करकरतं: चिकट ते मीठ, करकरणारी वाळू. परीक्षक येताना दिसले की मालक खिशातून मऊ फडकं काढून पुसायला लागतो. मऊ फडक्यात वाळू अडकली की तो सँडपेपरच. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर गोल-गोल जाळं दिसतं, ते असंच पडलेलं असतं. पुसायचंच असेल तर आणलेलं गोडं पाणी भरपूर ओतून वाळू वाहू द्या, मग स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने, दर वेळी नवी घडी करून टिपा. पाणी नसेल तर हात लावू नका. परीक्षकांनाही समुद्र दिसतोच.

कव्हर घालण्याचा मोहही टाळा. वाऱ्यात फडफडणारं कव्हर आतल्या वाळूने दिवसभर गाडी घासतं.

> थांबा: फोटोसाठी चाकं लाटेत घालू नका, 'फक्त एक मिनिट'सुद्धा नाही. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं आणि ते ब्रेकच्या ड्रममध्ये, स्प्रिंगच्या पात्यांमध्ये, चॅसीच्या पोकळीत थेट जातं.

निघताना रेस मारणं, टायर जाळणं नको. पुढच्या वर्षी जागा मिळत नाही ती अशाच दोघा-तिघांमुळे.

टप्पा ११ : परतल्यावर, त्याच दिवशी

दमून आलात, जेवण वाढलेलं आहे, हे सगळं मान्य. तरी गाडी तशीच कव्हरखाली ढकलू नका. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही. म्हणजे गाडी कोरडी दिसली तरी सांध्यांत रात्रभर खारट ओल काम करत असते.

1. आधी ब्रेक आणि सायलेन्सर निवू द्या. तापलेल्या ड्रमवर किंवा मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.
2. भरपूर गोडं पाणी, कमी दाबाने. जोर नको, वेळ द्या. प्रेशर वॉशर खारं पाणी सांध्यांत आणि सीलच्या आत ढकलतो. बागेतला स्प्रिंकलर गाडीखाली सरकवून एकेका जागी दहा मिनिटं चालू ठेवणं, यासारखा स्वस्त उपाय नाही.
3. मडगार्डच्या आतली दुमडलेली कड बोटाने चाचपा. तिथे ओल्या वाळूची पट्टी बसलेली असते. बंपरच्या मागे, जॅक लावायच्या जागी, दाराच्या खालच्या कडेला, रेडिएटरच्या जाळीत आणि स्पोकच्या चाकांत स्पोक जिथे घुसतात तिथे पाणी सोडा. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या चौकटीवर बसवलेल्या गाड्यांत, जुन्या लँड रोव्हरसारख्या, दोन धातूंचे सांधे जास्त वेळ धुवा. खाऱ्या ओलीत तिथे अ‍ॅल्युमिनियम झिजतं.
4. चटया काढून झटका आणि व्हॅक्यूम करा. बुटांबरोबर आलेली खारी वाळू चटईखाली ओल धरते आणि तळाचा पत्रा आतून सडतो. खालून कितीही अंडरकोट मारा, त्याचा इथे उपयोग नाही.
5. थोडी फेरी मारून ब्रेक वाळवा. मग काचा उतरवून, कव्हर न घालता, हँडब्रेक सोडून आणि चाकांना अडण लावून रात्रभर उभी ठेवा. कापडी हूड ओलं असेल तर चढवलेलंच ठेवा. ओलं घडी केलं की बुरशी धरते.

दुसऱ्या दिवशी ग्रीसच्या निपलांना ग्रीस मारा. आतून मळकं, पाणचट ग्रीस बाहेर येईल. स्वच्छ येईपर्यंत मारत राहा.

आठवड्याने गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा. सांध्यांवर पांढरी फुलकी दिसली तर तिथलं मीठ निघालेलं नाही, ती जागा पुन्हा धुवा. पोकळ पट्टीच्या छिद्रातून तांबूस ओघळ उतरला असेल, तर तिथलं मेण फाटलंय. वाळवून तेवढ्या भागात नवं मेण मारा.